घड्याळ ठेवतो, पंधराशे परत करा

"घड्याळ ठेवून घेतो पण १५०० रुपये परत करा, नाहीतर रेटिंग खराब देईन आणि कंझ्युमर कोर्टात जाईन." हा मेसेज मला रात्री पावणेअकराला आला. मी भांडी आवरून राहिली होती, ओल्या हातानंच मोबाईल पाहिला आणि तिथेच ओट्यापाशी उभी राहिली. खरं सांगते, पहिला विचार हाच आला की देऊन टाकावे पंधराशे, कटकट नको. तोवर मला ऑनलाईन लिलावात घड्याळं विकायला लागून आठ महिने झाले होते, ३० च्या वर घड्याळं गेली होती, पण कुणी नाराज झालं की छातीत धडधडायचंच.

आधी हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते. माझे बाबा नागपूरला अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि घड्याळं उघडून बसायचा त्यांना भारी नाद. ड्युटीवरच्या लोकांची बंद पडलेली घड्याळं घरी आणायचे, रविवारी वर्तमानपत्र पसरून डोळ्याला भिंग लावून बसायचे, पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, मग लोक जुनं घड्याळच देऊन जायचे. ते गेल्यावर कपाटातल्या पत्र्याच्या डब्यात ४१ घड्याळं निघाली, एकेक रुमालात बांधून, वर डांबरगोळ्या. बहुतेक एचएमटी. जनता, पायलट, कोहिनूर, जवान, सोना. सीताबर्डीतल्या एका दुकानदाराला दाखवली तर तो सगळ्यांचे मिळून ६००० देतो म्हणाला. माझा मुलगा म्हणे, आई थांब, याचे शौकीन लोक असतात, लिलावात टाकू.

आणि असतात बरं शौकीन. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरूला सुरू झाला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे त्या काळातली आता आहेत तेवढीच. त्यात चावीचं घड्याळ, वडलांच्या हातावर पाहिलेलं, लग्नात मिळालेलं, लोकांचा जीव अडकलेला असतो. त्यामुळे ४९९ पासून सुरू केलेला लिलाव कधी दोन हजारावर जातो तर कधी चारावर.

घड्याळं टाकायच्या आधी मी महालात बडकस चौकाजवळ एका गल्लीत बसणाऱ्या घड्याळवाल्या काकांकडे नेते. ते बाबांच्या ओळखीचे. काका घड्याळ उघडतात, साफ करतात, तेल देतात, आणि त्यांच्याकडे एक टाईमग्राफर आहे, छोटं यंत्र, घड्याळाची टिकटिक ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे जाईल ते सांगतं. या जुन्या १७ ज्वेलच्या, म्हणजे आत १७ बारीक खडे बसवलेल्या, मशीनची चाल ताशी १८००० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला ५ टिकटिक. काका म्हणतात इतक्या वर्षांनी दिवसाला तीसेक सेकंदाच्या आत आहे म्हणजे तब्येत ठणठणीत समज.

आता तक्रारींचं. पहिली तक्रार आली ती तिसऱ्याच घड्याळावर. "रोज बंद पडते, फसवलं." मी घाबरली, काकांना फोन केला, काका म्हणे त्याला विचार चावी देतो का. विचारलं तर तो मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, त्याला माहीतच नव्हतं की याला सेल नसतो, रोज चावी द्यावी लागते, एकदा पूर्ण दिली की दीड दिवसाच्या आसपास चालतं आणि मग थांबतं. मी त्याला व्हिडिओ करून पाठवला, बाबा द्यायचे तशी, घड्याळ हातातून काढून, घट्ट लागेपर्यंत आणि मग थांबायचं. त्याचा लगेच सॉरी काकू म्हणून मेसेज. तेव्हापासून माहितीत पहिली ओळ हीच लिहिते, चावीचं घड्याळ आहे, रोज सकाळी एका ठरल्या वेळी चावी द्यावी लागते. वाचणाऱ्याला येडपटपणा वाटला तरी चालेल.

दुसरी म्हणजे घड्याळ तासाला कितीतरी मिनिटं पुढे पळते अशी. मी घड्याळ पाठवायच्या आधी टाईमग्राफरचा फोटो काढला होता, त्यात सगळं ठीक. पण नुसता फोटो तोंडावर फेकून "आमचं बरोबर होतं" म्हटलं असतं तर भांडण झालं असतं. काकांनी विचारायला लावलं की घड्याळ ठेवतो कुठे. तर तो स्पीकरवर ठेवायचा! स्पीकरमध्ये लोहचुंबक, घड्याळातली हेअरस्प्रिंग म्हणजे केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकीय झाली की वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळत सुटतं. होकायंत्राजवळ नेलं की सुई हलते का पाहा म्हटलं, मोबाईलमधलं नको, साधं मुलांचं होकायंत्र. हलली. त्याच्या गावच्या घड्याळवाल्यानं मिनिटात चुंबक उतरवून दिलं. या दोघांना मी वाईट म्हणणारच नाही, त्यांना माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना माणूस "फसवलं" हाच शब्द आधी वापरतो, पैसे गेलेले असतात नं त्याचे.

तिसऱ्या तक्रारीत चूक माझी होती आणि तेही सांगितलंच पाहिजे. एका कोहिनूरची चावी कंपनीची नव्हती, बाबांनी कधीतरी दुसरी बसवली असेल, मला ते कळलं नाही आणि मी "सगळं ओरिजिनल" असं लिहून बसली. तो ग्राहक इतका घाण बोलला की मुलगा म्हणाला ब्लॉक कर. पण काकांनी भिंगातून फोटो पाहिला आणि म्हणाले, बोलण्याची रीत सोड, मुद्दा त्याचा खरा आहे. मी घड्याळ परत मागवलं, पूर्ण पैसे दिले, येण्याजाण्याचं पोस्टेजपण दिलं. त्यानं शेवटी चांगलं रेटिंग दिलं, मला आश्चर्यच वाटलं. तेव्हापासून "ओरिजिनल" हा शब्द मी लिहीतच नाही. काय बदललंय, काय बदललेलं असू शकतं, काय मला तपासता आलं नाही, असं वेगवेगळं लिहिते.

आता तो १५०० वाला.

घड्याळ होतं पायलट, काळ्या डायलचं. लिलाव ७ दिवसांचा, रविवारी रात्री ९ ला संपणारा. शनिवारपर्यंत १४०० च्या आसपास होतं आणि शेवटच्या पाच मिनिटांत दोघांची लागली, एकानं वाढवलं की दुसरा वाढवणार, ४२५० वर थांबलं. मी आणि मुलगा स्क्रीनसमोर बसलेलो, मला तर आनंदापेक्षा टेन्शनच आलं, एवढे पैसे देणारा माणूस पार्सल उघडून काय म्हणेल. लिलावात हे होतंच, साध्या दुकानात माणूस भाव पाहतो, विचार करतो, उद्या येतो म्हणतो, इथे समोरचा जिंकू नये म्हणूनच शेवटच्या मिनिटाला हात पुढे जातो. सकाळी उठल्यावर मग आकडा टोचतो. माझ्याकडे आलेल्या आडमुठ्या तक्रारी पाहिल्या तर बहुतेक सगळ्या अशा ताणल्या गेलेल्या लिलावांवरच्या आहेत, जे घड्याळ शांतपणे ९०० ला गेलं त्याच्यावर कुणी काही म्हटलेलं नाही.

पार्सल पोचलं त्या दिवशी संध्याकाळी पहिला मेसेज, काचेवर ओरखडे आहेत. होते, मी तीन फोटो टाकले होते ओरखड्यांचे, प्लास्टिकची काच असते ही, घासली की निघतात तेही लिहिलं होतं. मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवसाला २५ सेकंद मागे पडते. मी म्हटलं दादा, फोटोत टाईमग्राफरवर २२ दाखवून राहिलं होतं, तेच लिहिलंय. दिवसात ८६४०० सेकंद असतात, स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकपणाचं, सर्टिफिकेट मिळालेल्या महागड्या नव्या घड्याळालासुद्धा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची मुभा असते, हे तर आपल्या वडलांच्या काळातलं. त्याला उत्तर नाही. दुपारी तिसरा, डायल रीडायल आहे.

हा आरोप मोठा आहे, म्हणून सांगते. जुन्या एचएमटीची डायल खराब झाली की ती पुन्हा रंगवून, नवीन अक्षरं छापून बसवतात, त्याला रीडायल म्हणतात. बाजारात अशी रंगवलेली घड्याळं खूप आहेत आणि ओरिजिनल म्हणून विकणारेही खूप आहेत. रीडायल असेल तर शौकिनाच्या नजरेत किंमत पार उतरते. म्हणजे त्याचं खरं असतं तर तो १५०० नाही, पूर्ण ४२५० मागायला पाहिजे होता. मला हे तेव्हा सुचलं नाही, काकांना सुचलं. रात्री तो पंधराशेचा मेसेज आल्यावर मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात सगळे मेसेज घेऊन महालात गेली, काकांनी चष्मा वर केला, सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "हा घड्याळ वापस करतो म्हणून राहिला का कुठे?"

पुन्हा वरपासून वाचलं. एकदाही नाही. प्रत्येक मेसेजमध्ये दोष नवा पण मागणी तीच, घड्याळ माझ्याकडे राहील, पैसे कमी करा. काका म्हणे बाई, ही तक्रार नाही, हा सौदा आहे, हातोडी पडल्यावर केलेला. ज्याला घड्याळ खोटं वाटतं तो खोटं घड्याळ घरात कशाला ठेवेल.

डोक्यात लख्ख उजेड पडल्यासारखं झालं. तेव्हापासून कुणाचाही तक्रारीचा मेसेज आला की मी आधी शिव्या आणि दोष बाजूला ठेवून एवढंच पाहते की हा माणूस मागून काय राहिला. दुरुस्ती मागतो, माहिती मागतो, परत घ्या म्हणतो, तर ती तक्रार आहे, बोलणं कितीही कडू असो. वस्तू ठेवून नुसते पैसे मागतो तर भाव पाडणं आहे, बोलणं कितीही गोड असो.

घरी येऊन मी उत्तर लिहिलं. चार वेळा लिहिलं आणि खोडलं, कारण पहिल्या तीन वेळा त्यात माझा राग होता, बाबांचं नाव होतं, मी किती प्रामाणिक आहे ते होतं. भाचा जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यानं फोनवर सांगितलं मावशी यातलं काही नको, फक्त घडलेलं लिही. मग जे पाठवलं ते असं होतं: "डायल रंगवलेली आहे असं तुम्हाला वाटत असेल तर घड्याळ परत पाठवा, मागच्या झाकणावरचा नंबर आणि आतलं मशीन फोटोतल्यासारखंच असेल तर पूर्ण ४२५० आणि दोन्हीकडचं पोस्टेज देईन. घड्याळ ठेवून अर्धवट पैसे परत देणार नाही. ७ दिवस वाट पाहते." बस. आणि हे सगळं साईटच्या मेसेजमध्येच लिहिलं, तो व्हॉट्सॲपवर या म्हणून राहिला होता, मी गेली नाही, कारण वाद साईटकडे गेला तर ते तिथलंच संभाषण पाहतात.

कोर्टाच्या धमकीनं मी खरी घाबरली होती, पोटात गोळाच आला होता. भाच्यानं समजावलं की ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, जुलै २०२० पासून लागू, आता त्याला मंच नाही आयोग म्हणतात, आणि कुणालाही तक्रार करायचा हक्क आहे, तो त्याला करू दे. तुझ्याकडे पूर्ण परतीची ऑफर लेखी आहे, फोटो आहेत, पॅकिंगचा व्हिडिओ आहे, तू काय लपवलं? आणि त्या कायद्यात पुन्हा विकण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच धरत नाहीत, हे त्यानं सहज सांगितलं. ते वाक्य पुढे असं कामी येईल वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मुलगा रात्री मोबाईल घेऊन आला, आई हे पाहा. त्याच साईटवर दुसऱ्या नावानं पायलट विकायला लागलेलं, ६५०० ला, म्हणजे भाचा म्हणाला तसं पुन्हा विकायलाच घेतलेलं. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, डाव्या कोपऱ्यावर बारीक अर्धचंद्रासारखा खाचा, मागच्या झाकणाचा फोटो आणि नंबर आमचाच. आणि खाली लिहिलेलं, डायल ओरिजिनल, फॅक्टरीची.

मी बराच वेळ काही बोलली नाही. राग पैशाचा नव्हता. तो खाचा बाबांच्या हातून पडलेला, चिमटा सटकला होता तेव्हाचा, मला आठवतो तो रविवार. त्या डायलला खोटं म्हणून मला रात्र रात्र जागवणारा माणूस तीच डायल खरी म्हणून विकून राहिला होता.

त्याला काहीच लिहिलं नाही. स्क्रीनशॉट काढले, तारीख-वेळ दिसेल असे, आणि साईटच्या वाद विभागात टाकले, सोबत लिलावाच्या पानाचे फोटो, टाईमग्राफरचा फोटो, पोस्टाची पावती. त्यानं तोपर्यंत "वर्णनाप्रमाणे नाही" असा दावा लावला होता आणि माझे पैसे अडकले होते. ११ दिवस लागले. मधे दोनदा तेच कागद पुन्हा मागितले, मी पुन्हा दिले. शेवटी दावा बंद झाला, पैसे सुटले. त्यानं रेटिंग खराब दिलंच, "फ्रॉड सेलर" असे दोन शब्द. माझे ३१ चांगले होते, हा एक वाईट, १०० चे ९६.९ टक्के झाले. खाली उत्तर द्यायला जागा असते, तिथे लिहिलं की पूर्ण पैसे परत देऊन घड्याळ परत घ्यायची तयारी लेखी कळवली होती, ग्राहकानं घड्याळ परत केलं नाही. त्याच्यावर एक शब्द जास्त नाही. नंतरच्या दोन-तीन ग्राहकांनी मला सांगितलं की ते उत्तर वाचूनच बोली लावली.

त्यानंतर पॅकिंगची पद्धत मी पक्की केली. काका झाकण उघडतात तेव्हाच मशीनचा फोटो, त्यावरचे बारीक ओरखडे, स्क्रूच्या खाचा दिसतील असा जवळून. मग घरी डायनिंग टेबलवर एकच सलग व्हिडिओ, घड्याळ चालू, मागचा नंबर, डबा, बबल रॅप, टेप, वर पत्ता, मधे कुठेही कट नाही. मग सिव्हिल लाईन्सच्या जीपीओत जाऊन स्पीड पोस्ट, पावतीवर वजन छापून येतं ते पाहून घ्यायचं, कारण कुणी म्हणालं डबा रिकामा आला तर २६० ग्रॅमचा रिकामा डबा कसा असेल. परत आलेलं पार्सलही असंच, वजन आधी, मग व्हिडिओ चालू करून उघडायचं.

याचा उपयोग एकदाच झाला पण झाला. एक जवान परत आलं, केस आमची, नंबर आमचा, चालूच होईना. काकांनी उघडलं तर आत दुसरंच गंजलेलं मशीन. मी फोटो दोन्ही शेजारी लावून पाठवले, त्या माणसाचा पुन्हा मेसेज आलाच नाही आणि पैसे मी दिले नाहीत. पण मशीन गेलं ते गेलंच, ती केस अजून डब्यात पडून आहे.

एक वेगळंच सांगायचं राहिलं. तक्रार करणाऱ्यांत काही जण घड्याळासाठी नसतातच. एकानं "रिफंडसाठी" म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि म्हणे पोस्टेजचे जास्त गेलेले पैसे तुम्हाला परत करतो, स्कॅन करून पिन टाका. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. माझ्या मैत्रिणीचे असेच १२००० गेले, साडी विकताना. म्हणून हे जरा जोरात सांगते.

आता डब्यात ६ घड्याळं उरली आहेत. गेल्या आठवड्यात एक सोना सोलापूरला गेलं, साडेअठराशेला. पोचल्यावर त्या काकांचा मेसेज, घड्याळ छान आहे पण पट्ट्याला डांबरगोळीचा वास येतो, बायकोला सहन होत नाही. काय मागून राहिले पाहिलं, काहीच मागितलं नव्हतं. मी बर्डीवरून १८० चा नवीन चामड्याचा पट्टा घेतला, १८ मिलिमीटरचा, आणि काल पोस्टात टाकला. बाकीच्या सहाचे पट्टे काढून गच्चीवर उन्हात घातलेत.